गेनूनाना दातांनी ऐकत

गेनूनानांनी माझ्या न्हाणीघरात शिरल्यावर पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर नळ चावला.

म्हणजे खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी हातभर लांबीची एक लोखंडी सळई काढली, रुमालानं पुसली, तिचं एक टोक नळाच्या मानेवर टेकवलं, दुसरं तोंडात घालून दातांनी घट्ट धरलं आणि डोळे मिटून घेतले. मी दारात उभी. माझ्या मागं मंदा, त्यांची सून. आमच्या ह्यांना उठवायला-बसवायला ती रोज सकाळी येते. मी तिच्याकडं अशा काही नजरेनं बघितलं, की बिचारी घाईघाईनं म्हणाली, "बाई, मामंजींना ऐकू येत न्हाई ना. लहानपनी दोन्ही कान फुटल्यात. ते दातानं ऐकत्यात."

"दातानं?"

"व्हय. चार हायेत अजून."

मला हसावं की रडावं कळेना. त्या आठवड्यात तीन प्लंबर येऊन गेले होते, एकाहून एक शहाणे. आणि आता नळाचा आवाज शोधायला चौथा आला तो बहिरा! मी काही बोलले नाही, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. भोरच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलंय मी, तोंड बंद ठेवायची सवय नाही. पण त्या दिवसांत मी इतकी टेकीला आले होते, की कुणी नळाला नारळ फोडायला सांगितलं असतं तरी फोडला असता.

झालं होतं असं. आमचे हे तहसील कचेरीतून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. सगळे शब्द गेले आणि नेमका कचेरीतला एक तेवढा मागं राहिला : "बघू." भूक लागली तरी बघू, पाठ दुखली तरी बघू. ज्यांनी त्यांच्या टेबलापुढं फेऱ्या मारल्या असतील त्यांना हसू येईल, येऊ दे. मला त्या एका शब्दातले पंधरा-वीस अर्थ कळायला लागले होते. अंथरुणातच सगळं, त्यामुळं दिवसाला तीन चादरी, कधी चार. माझा डावा खांदा आखडलेला, मंदाचे हात सोड्यानं आधीच फुटलेले. म्हणून धुण्याचं मशीन घेतलं. बटण दाबलं की आपोआप पाणी घेणारं. पहिले पंधरा दिवस ते मशीन मला देवासारखं वाटलं.

आणि मग एक दिवस धाड!

मशीन पाणी घेतं, पुरेसं झालं की आतली झडप मिटते. ती मिटली की भिंतीत कुणी घण मारावा तसा धाड आवाज, आणि पाठोपाठ ठकठकठक करत तो पाईपमधून थेट खालच्या मजल्यापर्यंत जायचा. एका धुण्यात सात-आठ वेळा. आमची इमारत दोन मजल्यांची, चार बिऱ्हाडांची. गच्चीवर टाकी, आणि वरच्या मजल्यावर नळाला जोर येत नाही म्हणून सगळ्यांनी मिळून बसवलेला प्रेशर पंप. त्यानं जोर भरपूर आला, आवाजही भरपूर आला. प्रत्येक धाडला ह्यांचा चांगला हात, डावा, चादरीवर मूठ आवळायचा. इतकी घट्ट की बोटं पांढरी पडायची. डोळ्यांत भीती. कशाची, ते सांगता येत नाही, नुसतं "बघू, बघू" म्हणायचे आणि मी मशीनचं बटण बंद करून त्यांची बोटं एकेक सोडवत बसायची.

आमच्या खाली नलूताई राहतात. पंचवीस वर्षांची शेजारीण, विरजणापासून दुखण्यापर्यंत सगळं वर-खाली होणारी. त्यांची लेक नेमकी तेव्हाच बाळंत होऊन घरी आलेली. चार दिवसांचं बाळ आणि डोक्यावर धाड! तिसऱ्या प्लंबरनं जाता जाता त्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की दोष खालच्या न्हाणीघराच्या भिंतीत आहे, तिथल्या फरशा फोडाव्या लागतील. दिवाळीत नव्या बसवलेल्या फरशा! नलूताई वर आल्या, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"हे बघा, बारशापर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर हा आवाज एकदा जरी आला, तरी तुमच्या लाईनचा कॉक मी गच्चीवरून बंद करणार आणि त्याला कुलूप घालणार. मग नाव ठेवा मला."

नाव तर मी तेव्हाच ठेवलं होतं, मनात. पण त्यांचं तरी काय चुकत होतं? बाळाला झोप हवी होती आणि मला धुतलेल्या चादरी. बारशाला आठ दिवस होते.

तेव्हा मंदा म्हणाली, "आमच्या मामंजींना बोलावू का? ते वॉलमन हुते, वाड्यांना पानी सोडायचे."

असे गेनूनाना आले. मार्गासनीहून एसटीनं नसरापूर, तिथं गाडी बदलून भोर. सत्तरी उलटलेली, अंगानं वाळका माणूस, डोक्यावर टोपी, पायात टायरच्या वहाणा. बहिरी माणसं ओरडून बोलतात म्हणतात. नाना इतकं हळू बोलत, की आपणच कान पुढं करावा. आपण बोललेलं ते ओठांवरून ओळखत, आणि जे ओळखायचं नसेल ते बरोबर ओळखत नसत.

त्या दिवशी त्यांनी मला रिकामं मशीन आठ वेळा चालवायला लावलं. न्हाणीघरात, स्वयंपाकघरात, गच्चीवर, जिन्यात, जिथं म्हणून पाईप होता तिथं सळई लावून ऐकलं. जिन्याच्या भिंतीवर खडूनं तीन फुल्या मारल्या. दुपार झाली. मी चहा टाकायला निघाले तर हात आडवा केला.

"च्या नगं. काम झाल्याबिगर घेत न्हाई म्या."

"अहो, काम व्हायला चार दिवस लागले तर?"

"तर चार दिस न्हाई घेनार."

मला वाटलं, बोलायची रीत असेल. रीत नव्हती. मुक्काम मंदाकडं, तिथंही त्यांनी चहा सोडला होता. चहाशिवाय एक तास न निघणारा माणूस तो, मंदाच म्हणाली.

आयुष्यभर त्यांनी मार्गासनीच्या पलीकडच्या वाड्यांना पाणी सोडलं. एक वाडी बंद करायची, दुसरी चालू करायची. जमिनीत खड्डा, खड्ड्यात वॉल, वरून लांब चावी घालून फिरवायची. नानांचा नेम असा, की एका श्वासाला एक वेढा. बत्तीस वेढे, बत्तीस श्वास. ऊन असो, पाऊस असो, तेहतीस नाही की एकतीस नाही. एकदा म्हणे नव्या टाकीच्या समारंभाला मोठी माणसं आली होती. हार घातले, फोटो काढणारा सज्ज, आणि नाना आपले वेढे मोजतायत. कुणीतरी त्यांच्या पुढ्यात येऊन खुणेनं सांगितलं, आटपा, फोटोवाला थांबलाय. नाना म्हणाले, "थांबू दे की. फोटोवाला फुटत न्हाई, पायीप फुटतो." सगळी मोठी माणसं बत्तीस श्वास उन्हात उभी राहिली.

आणि नाना एकदा तापानं पडले असताना बदली माणसानं तो वॉल चार झटक्यांत मिटवला, तेव्हा ओढ्याजवळ लाईन फुटली. तीन दिवस बायका हंडे घेऊन गुंजवणी नदीवर. नाना ताप अंगात घेऊन उठले, चावीचं एक टोक जमिनीला टेकवत, दुसरं दातांत धरत दोन शेतं चालत गेले आणि जमिनीखाली कुठं फुटलंय ते पाय आपटून दाखवलं. "धावत्या पान्याच्या तोंडावर दार आपटायचं न्हाई," ते मला म्हणाले. "ते लागतंच त्याला. मग ते दुसऱ्याला लावतं."

तर दुसऱ्या दिवशी त्यांना नलूताईंच्या न्हाणीघरात ऐकायचं होतं. नलूताईंनी दार किलकिलं केलं.

"बाळंतिणीचं घर आहे. परक्या माणसाला आत नाही घेणार मी. आणि जिन्यात खडू कुणी लावलाय?"

नानांनी मान हलवली. वाद नाही, विनवणी नाही. त्यांच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसले, सळई भिंतीला टेकवली आणि दातांत धरली. मी वरून मशीन चालवायची, ते खाली ऐकायचे. सकाळी नऊ ते बारा. तिसऱ्या दिवशीही तेच. मी म्हटलं, नाना, कशाला अपमान करून घेता, बायकांची भांडणं आहेत ही. ते म्हणाले, "पायपाचं भांडन हाय. बायकांचं न्हाई."

चौथ्या दिवशी नलूताईंना राहवलं नाही. दारात पाहुणा बिनचहाचा बसलेला त्यांच्या घराण्यात कुणी पाहिला नसावा. कप घेऊन बाहेर आल्या. नानांनी हात जोडले, चहा नाकारला. "का?" नलूताईंनी वर, जिन्यात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघून विचारलं. आमचं त्या कुलपाच्या धमकीनंतरचं पहिलं बोलणं ते.

"काम झाल्याशिवाय घेत नाहीत."

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

नलूताईंनी कप खाली ठेवला. मग पदर खोचला आणि नानांना दिसेल असं सावकाश ओठ हलवत म्हणाल्या, "आत या. पाय धुऊन या."

नानांनी पाय धुतले, हात धुतले, चूळ भरली, सळईसुद्धा साबणानं धुतली. बाळंतिणीच्या खोलीवरून जाताना मान खाली. वर मंदानं मशीन लावलं, मी खाली दारात येऊन थांबले. नानांनी न्हाणीघरात पाच मिनिटं ऐकलं, बाहेर आले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या भितीत कायबी न्हाई. फरशी फोडायची न्हाई. हितं नुसता आवाज येतोय, दोष वरतीच हाय."

नलूताईंनी माझ्याकडं ज्या विजयी मुद्रेनं बघितलं ना, ती मी मरेपर्यंत विसरणार नाही! मी तोंड फिरवून जिना चढले. खरं सांगते, इतका राग आला. माझ्यासाठी आलेला माणूस आणि माझ्यावरच उलटला.

वर आल्यावर नाना न्हाणीघरात उकिडवे बसले. मशीनच्या वर मी एक सुबक शेल्फ बसवून घेतलं होतं, साबणाची पावडर, ब्रश ठेवायला. त्याच्या मागं सिमेंटचा एक गोल डाग. नानांनी त्यावर बोट ठेवलं.

"हितं आदी काय हुतं?"

"काही नाही."

"बाई, हितं कायतरी हुतं."

"अहो, बिनकामाचा पाईप होता एक. सोलरसाठी इमारत बांधतानाच वर काढून ठेवलेला, हातभर. वरून टोपण लावलेलं. त्यातून ना पाणी यायचं, ना काही. शेल्फला आडवा येत होता म्हणून कापायला लावला."

"कुनी?"

"मी."

"कवा?"

मी बोटं मोजली. मशीन आलं, पंधरा दिवस नीट चाललं, मग शेल्फ लावायला माणूस आला. त्याच संध्याकाळी पहिली धाड. त्याच संध्याकाळी! इतके दिवस प्लंबरांना, पंपाला, मशीनवाल्याला आणि नलूताईंच्या भिंतीला नावं ठेवत होते मी, आणि कापायला मीच लावला होता. ह्यांची आवळलेली मूठ माझ्या डोळ्यांपुढं आली. मी तिथंच, ओल्या फरशीवर, मट्‌कन बसले.

नाना रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी बादली पुढं ओढली, पाण्यानं भरली, माझ्या हातात एक स्टीलचा पेला उपडा दिला. "दाबा."

मी पेला उपडाच पाण्यात दाबला. आत हवा. पेला खाली जाईना, हाताला मऊ-मऊ उलटा रेटा देत राहिला.

"आता कळलं? तुमच्या त्या टोपनाच्या पायपात अशी हवा हुती. मशीननं दार आपटलं की पानी जाऊन हवेवर पडायचं, गादीवर पडल्यावानी. तुमी गादी काढली. आता ते भितीवर पडतंय." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "तुमाला काय म्हाईत? बंद पायीप म्हंजी बिनकामाचा, समद्यांनाच तसं वाटतं."

शेल्फ निघालं. दुकानातून पाईप आला, टोपण आलं. नानांनी आधीच्यापेक्षा लांब, दीड हाताचा उभा पाईप काढला आणि टोपण लावलं. जिन्यातल्या खडूच्या तीन फुल्यांपाशी पाईप धरणारे क्लॅम्प गंजून सुटले होते. तिथं नवे लावले, आत सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालून. सिमेंट वाळायला एक दिवस जाऊ दिला. घाई करायचं कुणी नावच काढलं नाही, मीसुद्धा नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी दहाला मशीनमध्ये चादरी टाकल्या. नलूताई हातातलं टाकून वर आल्या, हाताला पीठ तसंच. नाना सळई दातांत धरून बसले. मंदा बटणापाशी. मी ह्यांच्या पलंगापाशी उभी राहिले, कारण मला न्हाणीघरात उभं राहायचा धीर होत नव्हता.

पाणी सुरू झालं. सू आवाज येत राहिला. मग टक्‌ करून झडप मिटली. मी ह्यांच्या हाताकडं बघत होते. हात चादरीवर पडून होता, सैल, बोटं अर्धी उघडी. हलला नाही. आवाज आला नाही हे मला कानांनी नाही कळलं, त्या हातानं कळलं. मी रडले. मोठ्यानं रडले, नलूताईंसमोर, त्यांच्याच खांद्यावर. पिठाचा हात माझ्या पाठीवर उमटला.

नानांनी डोळे उघडले. "गप हाय," ते म्हणाले. "आता च्या टाका. दोन कप."

दोन्ही त्यांनीच प्यायले. नलूताईंचा हट्ट, की मलाही ऐकायचंय. सळई धुऊन त्यांच्या तोंडात दिली. डोळे विस्फारून म्हणाल्या, "अगं बाई! पोटात गुरगुरल्यासारखं होतंय नुसतं." दुसऱ्या दिवशी बारशाला नाना पाहुणे होते. पाळण्यापाशी गेले नाहीत, लांबूनच हात जोडले, आणि निघताना जिन्यातला खडू ओल्या फडक्यानं पुसून गेले.

जाण्याआधी एक नियम घालून दिला. त्या टोपणाच्या पाईपातली हवा पाणी हळूहळू खातं. म्हणून महिन्यातून एकदा कॉक बंद करायचा, खालचा नळ सोडायचा, टोपण सैल करायचं, पाईप पुरता रिकामा होऊ द्यायचा. मग टोपण घट्ट आवळून पाणी पुन्हा सावकाश सोडायचं. केव्हा? तर अमावास्येला.

"नाना, एक तारीख ठेवू या की. लक्षात राहील."

"एक तारीख तुमच्या पगाराची. आमच्याकडं अवसेला बैलाच्या मानंवर जू ठेवत न्हाईत. राबनाऱ्याला एक दिस मोकळा लागतो. पायीप राबतोय, त्याला अवस."

आणि दर अवसेला ते स्वतः येत. मी जमेल म्हटलं, मंदा जमेल म्हणाली, पण नाही. सकाळच्या गाडीनं यायचं, पाईप रिकामा करायचा, पाणी सोडायचं, सळईनं ऐकायचं, "गप हाय" म्हणायचं, मग चहा. चहा झाला की ह्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसायचं. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही, आणि दोघांच्या गप्पा तासभर! नाना भातलागणीचं सांगत, वाडीतल्या भांडणांचं सांगत. हे मधूनच म्हणत, "बघू." नाना त्यांच्या ओठांकडं बघून खदखदून हसत. "सायेब, तुमच्या कचेरीत म्या सातबाऱ्यासाठी सहा येळा आलतो. सहाबी येळा ह्येच म्हनला हुता." हे हसायचे. पक्षाघातानंतर हे हसताना मी फक्त नानांपाशी पाहिले, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटे.

एक अवस मात्र मी चुकवली. लक्ष्मीपूजनाची. नाना भातकापणीत अडकलेले, माझ्याकडं पाहुणे, फराळ, पणत्या. राहून गेलं. पुढच्या महिन्यात नाना आले, सळई दातांत धरून मशीन चालवलं आणि एक डोळा उघडला.

"मागची अवस चुकली जनू."

"छे! केली की." तीस वर्षं पोरींची खोटी कारणं पकडलेली बाई मी, साफ खोटं बोलले.

नानांनी सळई काढून पुसली. "न्हाई केली. आवाज अजून तुमच्या कानाला आला न्हाई, पर निघालाय." त्यांनी पाईप रिकामा केला. चहा मात्र घेतला नाही. माझ्या खोटेपणाचा दंड त्यांनी स्वतःला केला, आणि मला कोंबडा करून उभं केल्यासारखं झालं. त्यानंतर माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक अमावास्येभोवती लाल गोल आहे.

दातांचं प्रकरण त्याच सुमारास सुरू झालं. चारांतला एक पडला, मग दुसरा. मंदाच्या नवऱ्यानं त्यांना दातांच्या डॉक्टरकडं नेलं, कवळी बसवून घ्या म्हणून. डॉक्टर म्हणाले, उरलेले दोन काढावे लागतील, हलतायत. नाना खुर्चीतून उठून बाहेर आले. डॉक्टर मागं मागं : आजोबा, या दातांचा खायला काही उपयोग नाही. नाना म्हणाले, "खायाला न्हाईतच ते. ऐकायला हायेत." मंदानं सांगितलं तेव्हा मी हसले. मग त्यांच्या पुढ्यात बसून, नीट ओठ हलवून समजावलं, की नाना, भाकरी कालवून खाता, अंगात काय राहणार? आता पाईप ठीक आहे. तुम्ही दात सांभाळत बसू नका माझ्यासाठी.

"तुमच्यासाठी कुठं?" ते म्हणाले. "सायबांचा हात हाय ना."

म्हणजे त्यांनी ते बघितलं होतं. पहिल्याच दिवशी बघितलं असणार. मूठ आवळते ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

शिमग्यानंतरच्या अवसेला ते आले तेव्हा तोंड पार बसलेलं. शेवटचा दात आठ दिवसांपूर्वी भाकरीत सापडला, मंदा म्हणाली. जिना चढताना दोनदा थांबले. मी म्हटलं, आज राहू द्या, मी करते. त्यांनी ओळखलं नाही, म्हणजे ओळखायचं नव्हतं. पाईप रिकामा केला, टोपण आवळलं, पाणी सोडलं, एका श्वासाला एक वेढा. सळई पुसली, तोंडात धरली. मंदानं बटण दाबलं.

नाना डोळे मिटून बसले. मग सळई हिरडीवर इकडून तिकडं केली. कपाळाला लावून बघितली. कानामागच्या हाडाला लावली.

"पुसट हाय," ते म्हणाले. "पुसटावर सोडून न्हाई जायाचं."

मला वाटलं, संपलं. त्यांना कसं सांगायचं, की नाना, काही आवाज नाही, मला ऐकू येतंय ना? त्यांचा माझ्या कानांवर भरवसा नव्हता, आणि लक्ष्मीपूजनाच्या अवसेनंतर माझ्या शब्दावरही नसावा. ते भिंतीला धरून उठले. सळई हातात घेऊन बाहेरच्या खोलीत गेले, ह्यांच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले. आपला उजवा हात चादरीवर उताणा ठेवला, त्यावर ह्यांचा डावा हात उचलून ठेवला, डोळे मिटले आणि दुसऱ्या हातानं मंदाला खूण केली. पुन्हा चालव.

पाणी आलं. सू झालं. टक्‌ करून झडप मिटली. मशीन फिरलं, थांबलं, पुन्हा पाणी आलं, पुन्हा टक्‌. नाना हललेसुद्धा नाहीत. सात वेळा झडप मिटली, सातही वेळा ते तसेच बसले होते, हातावर हात घेऊन, ओठांनी मोजत. मशीन संपल्याची पिपाणी वाजली ती त्यांना ऐकू आली नाही, मंदानं खांद्याला हात लावला.

"गप हाय," नाना म्हणाले.

"बघू," हे म्हणाले.

नानांनी ओठ वाचले आणि दात नसलेल्या तोंडानं असे हसले, की सगळा चेहरा गोळा झाला. "आता तुमीच बगायचं सायेब."

चहा प्यायले, बशीत ओतून, दोन कप. न्हाणीघरात शेल्फच्या जागी एक खिळा उरला होता, त्याला सळई अडकवली. मी म्हटलं, ही विसरताय. "ऱ्हाऊ द्या. तुमचे दात चांगले हायेत." जिना उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा पाईपवर होता. खालच्या दारातून नलूताईंनी हाक मारली ती त्यांना कळली नाही. मी गॅलरीत गेले तोवर ते स्टँडच्या रस्त्याला लागले होते.

पुढची अवस आली तेव्हा नाना नव्हते. मंदा तेराव्याला मार्गासनीला गेलेली. मी कॉक बंद केला, खालचा नळ सोडला, टोपण सैल केलं, पाईप रिकामा होईपर्यंत उभी राहिले. मग टोपण आवळलं आणि बत्तीस श्वास मोजत पाणी सोडलं. सळई खिळ्यावरून काढली, पुसली आणि परत लावून ठेवली. मशीनचं बटण दाबून बाहेर आले, स्टूलवर बसले आणि ह्यांच्या हाताखाली माझा हात ठेवला.